आखितीची घागर

धरणाचं पाणी त्या साली इतकं खाली गेलं की बुडालेलं जुनं वडदरे हळूहळू वर यायला लागलं, आणि त्याच्या मागोमाग घरातली माणसंही. आधी वेशीचा दगड दिसला, मग शाळेचा पाया, मग रंगनाथ.

मधला रंगनाथ विंचूरहून आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशीच येऊन बसला. धाकटा जयराम आखितीच्या सकाळी एसटीनं आला. बरोबर बायको सुमनबाई आणि पाण्यानं भरलेला पांढरा कॅन. तो कॅन पूर्वी रॉकेलचा होता, आणि कितीही धुतला तरी ते विसरायला तयार नव्हता.

"पाणी कशापायी आणलं?" शकुबाईनं विचारलं. तिचा नवरा, थोरला मल्हारी, काविळीनं गेल्यापासून नव्या वडदऱ्यातलं हे घर, सासरे पुंजातात्या आणि धरणाच्या पोटातलं वावर, असं सगळं तिच्याकडे होतं.

"तुमच्याकडे टँकर येतो असं कळलं, बाई," सुमनबाई म्हणाली. "म्हटलं, आपलं पाणी आपण घेऊन जावं."

नाशिक रोडच्या कॉलनीत नळाला येणारं पाणी याच धरणाचं होतं. ते नदीनं खाली गेलं, शहराच्या टाकीत चढलं, औषध घालून स्वच्छ झालं, जयरामच्या नळातून कॅनमध्ये उतरलं आणि एसटीत अर्धं तिकीट न काढता धरणावर परत आलं. धरणाच्या काठावरच्या वडदऱ्याला मात्र नळ नव्हता. हे विचित्र आहे असं तिथं कोणाला वाटत नसे. दिव्याखाली बसणाऱ्याला उजेड वर शोधावा लागतो, तशातला प्रकार.

"शहराला पाणी द्यायचं म्हणून आमचं आवर्तन बंद केलं," रंगनाथ म्हणाला. त्याचं रान कालव्यावर होतं. "कांदा उभा जळतोय आमचा. आन् तू कॅन भरून हिंडतोयस."

"दादा, आमच्याकडे एक दिवसाआड येतं पाणी. तेही पहाटे. तुम्ही कालव्याला सगळं ओढता म्हणून."

दोघांनी शकुबाईकडे पाहिलं. तिनं काही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती. पण तिची अडचण वेगळीच होती. पाणी कांद्याला गेलं काय किंवा कॉलनीत गेलं काय, ते गेलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडे. जमीन सरकारनं घेतलेली, पण उघडी पडलेली गाळाची पट्टी जुन्या मालकांनाच वर्षापुरती कसायला मिळे. याला गाळपेर म्हणत. दिवाळीनंतर हरभरा, उन्हाळ्यात कलिंगडं. त्या पट्टीवर शकुबाईनं मुलगी उजवून सिन्नरला दिली होती, आणि त्याच पट्टीवर ती आणि तात्या जेवत होते.

अशा रीतीनं एकाच धरणाकडे एकाच घरातल्या तिघांची तीन गाऱ्हाणी होती. धरण सरकारी असल्यामुळे त्यानं कोणालाच उत्तर दिलं नाही.

जेवणं झाली. आंब्याचा रस, मांडे, कुरडया. पाटावर मल्हारीच्या नावाची मातीची घागर पूजून ठेवली होती. तिच्यात पाणी कुठलं घालायचं यावर थोडी चर्चा झाली. टँकरचं पाणी कालच संपलं होतं, आणि धरणाच्या उरल्यासुरल्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या. शेवटी कॅनमधलं घातलं. "औषध घातलेलं असतं," सुमनबाईनं खात्री दिली. मल्हारीला आता त्याचा उपयोग नव्हता, पण तिचा हेतू चांगला होता.

मग रंगनाथनं घसा साफ केला.

"वहिनी, एक बोलायचं व्हतं. निफाडच्या बाजारात लोक बोलतायत, गाळपेर कायमची नावावर व्हणार."

"कोणाच्या?"

"ज्याच्या नावावर हाय त्याच्या."

"नावावर तात्यांच्या हाय."

"तेच तर. म्हंजे तिघांची." त्यानं जयरामकडे पाहिलं. जयरामनं छताकडे पाहिलं. दोघांचं हे आधीच ठरलं होतं, फक्त कोणी काय बोलायचं ते ठरायचं राहिलं होतं. "तीन भाग करून ठेवू. आज समदे हायेत. दोर आणलाय मी."

शकुबाईनं ताटं एकात एक घातली. पट्टी तिघांत वाटली तर तिच्या वाट्याला कलिंगडाचे चार वाफे येणार होते. तात्यांचे भाग कोणी पाडणार नव्हतं, ते अख्खे तिच्याकडेच राहणार होते.

"बाजारात कोण बोललं?" तिनं विचारलं.

"लोक."

"लोक मागच्या साली म्हणत व्हते, धरणच पाडणार हायेत."

"ते वेगळे लोक," रंगनाथ म्हणाला.

"वहिनी, तुम्हाला कोण काढतंय?" जयराम मऊ आवाजात म्हणाला. "कसा तुम्हीच. फक्त नावं वेगळी." त्याला हे बोलताना खरोखर चांगलं वाटलं. प्रेसमध्ये दिवसभर नोटा छापून संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी यायची सवय असलेल्या माणसाला, नाव आणि वस्तू वेगवेगळ्या असू शकतात हे पटवून द्यावं लागत नाही.

तात्या एवढा वेळ भिंतीला टेकून होते. त्यांनी काठी उचलली. "घागर न्यायची ना? ऊन कलायला लागलं."

घराण्याचा रिवाज असा की आखितीची पूजलेली घागर घरात ठेवायची नाही. आपल्या विहिरीवर नेऊन विहिरीतच रिती करायची, म्हणजे पितरांना पोचते. विहीर धरणात गेल्यावर तात्यांनी रिवाज सोडला नाही. काठावर उभं राहून ते पाण्यावर काठीनं जागा दाखवत आणि शकुबाई तिथं घागर ओतत असे. दर साली जागा वेगळी असे. पाणी सगळीकडे सारखंच असल्यामुळे मल्हारीनं कधी तक्रार केली नव्हती.

सगळे उताराला लागले. पुढे तात्या, मागे कमरेवर घागर घेतलेली शकुबाई, मग दोर घेतलेला रंगनाथ, जयराम, आणि चप्पल हातात घेतलेली सुमनबाई. शेजारच्या वाल्मीकच्या पट्टीच्या कडेनं ते खाली आले. वाल्मीक कलिंगडं गवतानं झाकत होता. त्यानं हात वर केला. शकुबाईची पट्टी ओलांडली. तिच्या खालच्या बाजूला दर साली पाणी असे. यंदा तिथं भेगाळलेला गाळ होता, आणि गाळाच्या मधोमध दगडांचं एक कडं.

तात्या थांबले. मग ज्या चालीनं ते गेली कित्येक वर्षं चालले नव्हते त्या चालीनं पुढे गेले आणि कड्याच्या काठावर बसले.

"सापडली," ते म्हणाले.

विहीर गाळानं गळ्यापर्यंत भरली होती. पाथरवटानं घडवलेले वरचे दगड तेवढे उघडे होते. तात्या त्यांवरून हात फिरवू लागले. ही विहीर त्यांनी आणि मल्हारीनं खोदली होती. बाहत्तरच्या दुष्काळात ती आटली नाही, अख्खं वडदरे तिच्यावर पाणी भरत होतं. दुष्काळ संपला आणि धरण भरलं. हजार माणसांना पाणी देणारी विहीर लाखो माणसांना पाणी देण्यासाठी बुडाली, हे तात्यांना त्या वेळी साहेबांनी नीट समजावून सांगितलं होतं. तात्यांना ते समजलं होतंही. पटलं नव्हतं, पण तेवढं साहेबांनी विचारलं नव्हतं.

"बघ मल्हाऱ्या," ते रंगनाथला म्हणाले, "तुझ्या हातचा दगूड अजून हाललेला नाय."

"मी रंगनाथ, तात्या."

"तू कशाला? तू तर दोर सोडून पळाला व्हतास."

शकुबाईला दगड दाखवायची गरज नव्हती. आतल्या बाजूला, वरून दुसऱ्या थरात, गोल दगडाचा अर्धा तुकडा बसवलेला होता. ती जात्याची खालची तळी. लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्यात तिच्या हातून जातं निसटून फुटलं होतं. सासूला कळलं असतं तर वर्षभर तेच ऐकावं लागलं असतं. मल्हारीनं जातं चोरीला गेल्याची बोंब ठोकली, एक तुकडा नदीत टाकला आणि दुसरा विहिरीच्या बांधकामात घालून टाकला. चोराला पकडलं तरी ऐवज सापडायचा नाही, म्हणाला होता. सासू मरेपर्यंत जात्याच्या चोरावर दात ओठ खात राहिली आणि रोज त्याच दगडावरून पाणी शेंदत राहिली.

शकुबाईनं घागर दुसऱ्या कमरेवर घेतली.

"एक मिनिट," जयराम म्हणाला. तो विहिरीकडे, वरच्या पट्टीकडे आणि पुन्हा विहिरीकडे पाहत होता. "तात्या, विहीर आपल्या वावराच्या मधोमध होती ना?"

"बरोब्बर मधोमध."

"मग वावर वर आणि विहीर खाली कशी?"



"विहीर सरकली असंल," रंगनाथ म्हणाला.

"दादा, विहीर सरकत नाही."

"मंग वावर सरकलं."

"वावर कसं सरकेल?"

"धरणात काय बी व्हतं," रंगनाथ म्हणाला. पण तोही आता वरच्या पट्टीकडे पाहू लागला होता.

सुमनबाईला यातलं काही माहीत नसल्यामुळे तिनं सरळ प्रश्न विचारला. "पहिल्या वर्षी कोणी ठरवलं, कुठली पट्टी कोणाची ते?"

"आम्हीच," तात्या म्हणाले. "झाडं तोडलेली, बांध गाळाखाली. मोठ्या चिंचेच्या खुंटापासून मोजलं. चिंचेखाली पहिलं वाल्मीकचं, दुसरं आपलं."

"कुठल्या चिंचेच्या?"

"चिंच एकच. मोठी."

"आणि लहान?"

तात्यांनी वर पाहिलं. उताराच्या वर एक खुंट होता. त्याच्या बराच खाली, वाल्मीकच्या कलिंगडांच्या खालच्या कडेला, गाळातून दुसऱ्या खुंटाचं तोंड दिसत होतं. दोन्ही कुऱ्हाडीनं सारखेच कापलेले. तोडलेल्या झाडात लहानमोठं असं काही उरत नाही.

"लहान चिंच मनमाडवाल्याच्या बांधावर व्हती," तात्या सावकाश म्हणाले. "तो धरणाचे पैसे घेऊन निघून गेला. त्याचं वावर वरचं."

जयरामनं बोटानं हवेत रेघा ओढल्या. "म्हणजे मोजणी वरच्या खुंटापासून झाली. वाल्मीक कसतो ते मनमाडवाल्याचं. आपण कसतो ते वाल्मीकचं. आणि आपलं..." त्यानं पायाखाली पाहिलं. "आपलं हे."

"आन् हे दर साली पाण्याखाली," शकुबाई म्हणाली.

एक टिटवी ओरडत गेली. सगळे आपापल्या पायांखालच्या जमिनीकडे, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या जमिनीकडे, अविश्वासानं पाहत राहिले. वर्षानुवर्षं त्यांनी वाल्मीकचा हरभरा खाल्ला होता. दर दिवाळीला त्याला घरी बोलावून त्यातलाच थोडा वानोळा म्हणून दिलाही होता. वाल्मीकनं आभार मानले होते.

"नकाशा असंल की हापिसात," रंगनाथ म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून लगेच म्हणाला, "पण नकाशे काय खरे असत्यात व्हय."

"नावावर व्हायचं तर नकाशा काढतीलच, भावजी," शकुबाई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की जयरामनं तिच्याकडे वळून पाहिलं. "तीन भाग करायचेत ना? करा. पण मंग खरं तेच करा. दोर या विहिरीपासून धरा. मी वाल्मीकभावजींना हाक मारते, बांधाला शेजारी लागतोच."

"आता लगेच कशाला वाल्मीक?" रंगनाथ म्हणाला.

"आपलं त्यांच्याकडं ऱ्हायलं, ते सांगाया नको?"

"अहो वहिनी, त्यानं दोन्ही पट्ट्या धरल्या तर? एक हक्काची, एक वहिवाटीची."

"धरील की. आपल्याला ही हाय." तिनं पायानं गाळ चाचपला. "तीन भाग करू. दुष्काळ पडला की तिघं मिळून हरभरा पेरू."

रंगनाथ हिशेब करू लागला. विंचूरला त्याचा कांदा पाण्यावाचून जळत होता, आणि इथली त्याची जमीन कांदा जळाला तरच वर येणार होती. त्यानं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि दोन्ही वेळा नुकसान त्याचंच निघालं. जयरामचं गणित लवकर संपलं. त्याच्या नळाला पाणी आलं की त्याची जमीन बुडणार होती.

"दादा," तो हळूच म्हणाला, "वाटणीची तशी घाई नाहीये."

"मी कुठं म्हटलं घाई हाय?"

"वहिनी कसतात ते बरंच आहे."

"मी तर सकाळीच म्हणणार व्हतो," रंगनाथ म्हणाला आणि दोर गुंडाळू लागला. "पट्टी वहिनीची. नाव तात्यांचं असू दे, नायतर वहिनीचं लावा. आमचं काय बी म्हणणं नाय."

"शप्पथ?"

"या विहिरीची शप्पथ," रंगनाथ म्हणाला, आणि मग त्याला वाटलं, ही शपथ नक्की कोणाची झाली.

"वहिनी, एकच करा," जयराम म्हणाला. "ही विहीर आपली आहे हे कुठं बोलू नका."

तात्यांनी मान वर केली. दोन मुलांच्या बोलण्यातलं त्यांना किती कळलं होतं ते त्यांच्या तोंडावरून सांगता आलं नसतं. ते दगडावर हात ठेवून बसले होते. "शकू, वत ना. मल्हारीला पाणी पोचू दे. एवढ्या सालांत जागा चुकतच व्हती."

शकुबाईनं घागर कमरेवरून उतरवली. वाकली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय सापडलं तात्यांना?"

वाल्मीक. हातात विळा, खांद्यावर टॉवेल. तो कड्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं विहिरीत पाहिलं. बाहत्तरला त्याची आई, भागुबाई, पहाटे या विहिरीवर नंबर लावून उभी राहायची, आणि वाल्मीक तिच्या मागे रिकामी कळशी घेऊन. इथला एकेक दगड त्याच्या ओळखीचा असायला हवा होता. त्याच्या तोंडावर काहीच दिसलं नाही. माणूस इतका कोरा दिसायला लागला की समजावं, त्याच्याही डोक्यात बरंच चाललंय.

"इहीर दिसतीया," तो म्हणाला.

"दिसतीया खरी," रंगनाथ म्हणाला.

"कोणाची असंल?"

"आता काय सांगावं. धरणात किती इहिरी गेल्या."

"तरी. कोणाची तरी असंल."

जयराम पुढे झाला. "गाळात अंदाज येत नाही हो. पाणी फिरलं की जागा बदलतात."

"इहिरींच्या?"

"म्हणजे, तशा बदलत नाहीत," जयराम म्हणाला आणि मागे सरला.

वाल्मीकनं वर, आपल्या कलिंगडांकडे पाहिलं. मग शकुबाईच्या पट्टीकडे. शकुबाईला त्याची नजर दिसत होती. ती नजर हावरी आहे की भ्यालेली, हे तिला ठरवता येईना. वाल्मीकची पट्टी वरची होती, दसऱ्याच्या सुमारास उघडी पडे. ही विहीर तात्यांची ठरली तर त्याला खाली सरकावं लागणार होतं, आणि वरची पट्टी मनमाडवाल्याला आठवण आली तर त्याची. किंवा त्याला दोन्ही मिळणार होत्या. वाल्मीकलाही बहुधा हेच ठरवता येत नव्हतं.

"तात्या," तो म्हणाला, "तुमी सांगा. तुमी म्हणाल ते खरं. ही कोणाची?"

रंगनाथचा हात दोरावर थांबला. सुमनबाईनं उगाच पदर सारखा केला. तात्यांचा तळवा दगडावर पसरलेला होता. ते खोटं बोलल्याचं त्यांच्या कोणत्याही मुलानं पाहिलं नव्हतं. खोटं बोलण्याइतकं त्यांना काही नीट आठवतही नसे.

"कोणाची का असंना," शकुबाई म्हणाली, "आमची नाय."

बोलताना ती दुसऱ्या थरातल्या जात्याच्या तुकड्याकडे पाहत होती. तो निम्मा गाळात होता.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग वाकून विहिरीच्या आत पाहिलं, जणू आवाज येतोय का ते ऐकावं. आणि सरळ झाले.

"आमच्या इहिरीला पाणी व्हतं," ते म्हणाले. "बाहत्तरात बी आटली नाय. तुझ्या मायनं नेलंय पाणी, तुला ठावं हाय. ही कोरडी हाय."

वाल्मीकनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, पण तो टॉवेल असेल.

"खरं हाय," तो म्हणाला. "तुमच्या इहिरीला पाणी व्हतं." मग जाता जाता शकुबाईला म्हणाला, "वहिनी, कलिंगडं तोडायला लागा. पाऊस आला की पट्टी जाईल पुन्यांदा."

तो वर चढू लागला. चिंचेच्या खालच्या खुंटापाशी क्षणभर थांबला, पायानं त्यावर गाळ ओढला, आणि पुढे गेला.

रंगनाथनं दोर काखेत मारला. "झालं. तात्यांनी लाज राखली." जयराम म्हणाला, पाच वाजताची एसटी मिळेल का ते बघायला हवं. दोघांनी तात्यांना दोन बाजूंनी धरून उठवलं. तात्यांचा हात दगडावरून सुटायला थोडा वेळ लागला. मग सुटला.

"बाई, घागर?" सुमनबाई म्हणाली. "ओतायची होती ना इथे?"

शकुबाईनं वर पाहिलं. वाल्मीक आपल्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता आणि इकडेच पाहत होता. लोकांच्या विहिरीवर कोणी आपल्या पितरांना पाणी देत नाही.

तिनं घागर उचलली. काठोकाठ भरलेली होती, तोंडाशी रॉकेलचा बारीक वास येत होता. भेगाळलेल्या गाळावरून, एकेक पाऊल जपून, एक थेंबही खाली सांडू न देता ती घागर तशीच भरलेली घेऊन घराकडे चढायला लागली.